डहाळ्यांनी विझवलेली आग

मार्च २०२३ मधल्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या आगीचं नाव काढलं की लोकांना हेलिकॉप्टरच आठवतात. नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी आणून डोंगरांवर ओतलं, हे खरंच. कड्यांवर दुसरा इलाजही नव्हता. पण मी तेव्हा तिथल्या सत्तरी तालुक्यात वनरक्षक होतो, आणि आमच्या वाट्याची आग विझली ती डहाळ्यांनी.

आपल्याकडचा वणवा सहसा शेंड्यांवरून धावत नाही, पाचोळ्यातून सरपटतो. ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या. पण चढाला लागला आणि वाऱ्याची साथ मिळाली की माणसाला गाठतो, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला थांबायचं नाही. हिरवी डहाळी आपटायची नाही, दाबायची. आपटली तर ठिणग्या उडून पाठीमागे नवीन आग. पुढचा पट्टा माती दिसेपर्यंत झाडून काढायचा. ब्लोअर, म्हणजे पाचोळा उडवणारं यंत्र, असला तर काम झटपट होतं, पण तो आणि त्याचं पेट्रोल डोंगरावर चढवायचं आपल्याच पाठीवरून.

त्या दुपारी एक उतार आटोक्यात आलाय असं वाटत होतं. तेवढ्यात एका जुन्या किंदळाच्या ढोलीतून, छातीच्या उंचीवर, बारीक धूर दिसला. बाहेरून साल शाबूत, आत निखारा. आम्ही लांब सरलो आणि थोड्या वेळाने तो किंदळ आम्ही झाडलेल्या पट्ट्यावरच आडवा आला. पलीकडचा पाचोळा क्षणात पेटला. पलीकडे काजू होते.

गावची माणसं कोयते घेऊन आली, कोणी बोलावलं नव्हतं. याचं मला नवल वाटलं. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्याच गोळावली गावात चार वाघ विषाने मेले आणि संशय गावकऱ्यांवर आला, तेव्हापासून आमचा गणवेश दिसला की वाड्यावरचं बोलणं थांबायचं. त्या दिवशी मात्र कुठली वाट ओहोळाकडे जाते, वारा कधी फिरतो, हे तीच माणसं आम्हाला सांगत होती.

अंधार पडल्यावर मी बागवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "काका, तुमच्याकडे पाचोळा कोणी जाळला होता का?"

"जाळतो आम्ही, नाही कशाला म्हणू? पण झाडं मोहरायच्या आधी, सकाळच्या दंवात, चार माणसं उभी करून. बोंडं धरलेली झाडं कोण पेटवील, साहेब?"

त्यांच्यापुरतं मला पटलं. सगळ्यांपुरतं नाही, पडलेल्या बिया चटकन दिसाव्यात म्हणून ऐन हंगामात काडी लावणारेही आहेत. उन्हाने जंगल सुकतं, पेटवायला बहुतेक वेळा माणूसच लागतो.

म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. त्यातल्या कितीतरी बागा त्याआधीपासूनच्या, आणि जमिनीचे दावे अजून लोंबकळत आहेत. जी जमीन उद्या आपली राहील की नाही ठाऊक नाही, तिच्याभोवती दरवर्षी जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, कोण राखणार? पुढे २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हाही वाड्यावर मला वाघाबद्दल कोणी विचारलं नाही. जमिनीबद्दल सगळ्यांनी विचारलं.

काकांची काही झाडं गेली होती. दुसऱ्या दिवशी ते नुकसानीचा कागद करायला आले. झाडं मी स्वतः पाहिली होती, मोजलीही होती. कागदावर पहिलाच रकाना होता, जमीन कोणाच्या नावावर. काकांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं. ते कुठल्याच उताऱ्यात नव्हतं.