रोडग्यांच्या पंगतीबद्दल पाहुणे काय म्हणाले

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावात, मारुतीच्या पारापासून जुन्या खळवाडीपर्यंत जाणाऱ्या आमच्या वेटाळाच्या, म्हणजे आळीच्या, रस्त्यावर, दरवर्षी पौषातल्या एका रविवारी विस्तवावरच्या जेवणाची पंगत बसते. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे पदरदार गोळे म्हणजे रोडगे, पळसाच्या पानांत भाजलेले पानगे, वांग्याची भाजी, वरण, तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, हरभऱ्याचे ओले घाटे आणि ज्वारीचा हुरडा एवढाच तिचा थाट असतो. पूर्वी वेटाळातलीच माणसे आणि त्यांचे सोयरे जेवायला असत. परंतु जामच्या चौरस्त्यावरून नागपूर, वर्धा, हिंगणघाट आणि चंद्रपूर या सगळ्या बाजूंनी गावात येणे सोपे असल्यामुळे हळूहळू बाहेरची मंडळीही येऊ लागली आणि आता ती गावकऱ्यांपेक्षा अधिक दिसतात. यंदा पारावर एक वही ठेवली होती व जेवून जाणाऱ्या प्रत्येकाने तीत आपले मत लिहावे, अशी विनंती केली होती. ती वही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण पुढच्या वर्षी काय करायचे याचा निर्णय या मतांवरून होणार आहे आणि काही मतांचा अर्थ घाईने चुकीचा लावला जाण्याची मला भीती वाटते.

कौतुकाचा भाग मोठा आहे. वांग्याच्या भाजीचा रंग अनेकांच्या नजरेत भरला. तो आमच्याच तालुक्यातील वायगावच्या हळदीचा आणि भिवापुरी मिरचीचा आहे. या दोन्ही पिकांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि दोन्ही आमच्या चुलीपासून फार दूर पिकत नाहीत. पानग्यावर पळसाच्या पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या पाहून एका शाळकरी मुलीने वहीत त्याचे चित्रच काढले आहे. हे सगळे वाचून समाधान वाटते, पण त्यातून पुढच्या वर्षासाठी शिकण्यासारखे थोडे आहे.

शिकण्यासारखे तक्रारींत आहे, आणि सर्वांत जास्त तक्रार एकच आहे : फार वेळ लागतो. “दोन तास बसलो, तेव्हा कुठे रोडगे मिळाले,” असे कितीतरी जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिले आहे. मी स्वतः वाढायला होते, त्यामुळे ही अस्वस्थता मी जवळून पाहिली. नागपूरहून आलेला एक तरुण विस्तवाजवळ बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या काकाजींना पुन्हा पुन्हा विचारत होता, “काकाजी, अजून किती टाइम लागन जी?” काकाजींनी एक रोडगा चिमट्याने बाहेर ओढला, पोत्यावर ठेवून मुठीने फोडला, आतला पांढुरका ओला गाभा त्याला दाखवला आणि म्हणाले, “वरून लाल झालं म्हंजे झालं नाई बापू, आतून कच्चंच हाय.”

त्या तरुणाला जे दिसले ते सगळ्यांना दिसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. रोडग्याची कणीक जाडसर, रवाळ दळलेली असते. तीत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळतात. मग लहान लहान पाऱ्या लाटून, प्रत्येकीवर तेलाचे बोट फिरवून त्या एकावर एक ठेवतात आणि सर्वांत बाहेरच्या पारीने त्यांची मोट बांधून गोळा वळतात, म्हणजे भाजल्यावर आत पदर सुटतात. तिकडे गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. त्यांचा धूर पूर्ण सरून त्या आतपर्यंत लाल व्हाव्या लागतात आणि वर राखेचा पांढरा थर यावा लागतो. तोवर रोडगा विस्तवावर ठेवला, तर तो धुराने कडवट होतो. निखाऱ्यांवर सगळीकडून फिरवून त्याला बाहेरून रंग आला की तो फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत, पुरतात, आणि खरे भाजणे तिथेच होते, कारण त्या मंद, न हलणाऱ्या उष्णतेनेच आतला शेवटचा पदर शिजतो. तयार झालेल्या रोडग्याला आपोआप भेग पडते. मग ते सगळे पोत्यात घालून घोळतात, राख झटकली जाते, आणि फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार पडते. यातली एकही पायरी माणसाच्या इच्छेने आखूड होत नाही.

वहीत तीन-चार जणांनी उपायही सुचवला आहे : गॅसचे तंदूर आणावेत. वेटाळातल्या काही तरुणांना तो पटलेला आहे. घरी, चार माणसांसाठी, गॅसवर रोडगे करण्यात वाईट काही नाही, आमच्याकडेही आडवारी ते तसेच होतात. परंतु पंगतीसाठी तंदूर आणण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण लोक पन्नास-साठ किलोमीटरवरून येतात ते ज्या गोष्टीसाठी येतात, तीच त्यामुळे नाहीशी होईल. तंदुराच्या तेज आचेत बाहेरचे कवच आधी कडक होते आणि आतला गाभा मागे राहतो. मग तो शिजवण्यासाठी रोडगा लहान करायचा, पदर कमी करायचे, असे करत करत शेवटी बाजारात कुठेही मिळणारी बट्टी आपण वेटाळात वाढू लागू.

या प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी वाटलेले मत आमच्याच गावच्या, सध्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाचे आहे. तो सुटीवर आला होता आणि त्याने दोन पाने भरून लिहिले आहे. तिकडच्या बार्बेक्यूत डुकराच्या खांद्याचे मांस हिकरी किंवा ओकच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर, साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास, दहा-बारा तास ठेवतात, कारण त्या मांसातले चिवट कोलॅजन विरघळून मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. आच वाढवली तर मांस लवकर भाजते, पण चिवटच राहते. म्हणून चांगल्या ठिकाणी आदल्या रात्री विस्तव पेटतो, जेवढे भाजले तेवढेच विकले जाते, आणि संपले की दार बंद होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही हे ठाऊक असते आणि तो त्याचा राग मानत नाही. “आपण लोकांना आधी सांगत नाही, म्हणून ते रागावतात,” असे त्या मुलाने लिहिले आहे, आणि माझ्या मते संपूर्ण वहीतले हे सर्वांत नेमके वाक्य आहे. आपल्याकडे गोवऱ्या किती, वळायला हात किती आणि एका खेपेला फुफाट्यात मावणारे रोडगे किती, हे आधी मोजता येते. त्यावरून पंगतीच्या पाळ्या ठरवाव्यात, प्रत्येक पाळीची वेळ आधी कळवावी आणि तेवढ्याच माणसांना बोलवावे. विस्तव पहाटेपासून टप्प्याटप्प्याने पेटवला, तर कोणाला दोन तास बसावे लागणार नाही आणि तंदुराचेही काम पडणार नाही.

हुरडा संपल्याची तक्रारही बरीच आहे, आणि ती करणाऱ्यांचे काही चुकलेले नाही. दुपारी एकनंतर आलेल्यांना आगटीजवळ नुसती धाटे दिसली. याचे कारण मात्र पंगतीच्या व्यवस्थेत नाही, आमच्या शेतांत आहे. आमच्या शिवारात आता कपाशी, तूर आणि सोयाबीन एवढेच दिसते. ज्वारीला रानडुकरे आणि पाखरे सोसून भावही मिळत नाही, म्हणून ती बहुतेकांच्या वावरातून गेली. यंदाचा सगळा हुरडा एकाच घराने लावलेल्या छोट्याशा पट्ट्यातला होता. शिवाय हुरडा साठवता येत नाही. दाण्यातले दूध आटून तो चिकात आला असताना, जेमतेम आठ-दहा दिवस, कणीस भाजण्यायोग्य असते. त्याच्या आधी ते पाणचट लागते आणि नंतर कडक होते. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेले कणीस हातावर चोळून, फुंकर मारून, गरम असतानाच खावे लागते. ज्यांना हे शहरातल्या एखाद्या हॉटेलसारखे दिवसभर मिळावे असे वाटते, त्यांना यापुढे हे नीट समजावून सांगितले पाहिजे; पण ज्वारी अधिक पेरणे हे आमचे काम आहे, आणि ते पाहुण्यांच्या तक्रारीमुळे का होईना, आता व्हावे. हुरड्याच्या गुळभेंडी ज्वारीचे जुने बियाणे गावात अजून एक-दोन घरी जपलेले आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही खास हुरड्यासाठी वाण दिलेला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रब्बी पेरणीत चार-पाच घरांनी आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी ज्वारी टाकली, तर एकाच्या कणसांचा दिवस गेला तरी दुसऱ्याची चिकात असतील.

आता ज्या मतामुळे मला हे सगळे लिहावेसे वाटले, त्याकडे येते. आमच्या वेटाळातल्या एका माहेरवाशिणीने, जी लग्न होऊन वणीकडे गेली आहे, फक्त चार ओळी लिहिल्या आहेत. पाहुण्यांची शेवटची पंगत उठली तेव्हा तिची आई, काकू आणि शेजारच्या बाया जेवायला बसल्या. त्या पहाटे चारपासून कणीक मळत होत्या, आणि त्यांच्या ताटात थंड रोडगे आणि भांड्याच्या तळाचे वरण होते. पंगतीचे कौतुक करणाऱ्या एकाही पाहुण्याने हे पाहिले नाही, कारण तोवर सगळे परतीच्या वाटेला लागले होते. पण वेटाळातल्या आम्हा सगळ्यांना हे दरवर्षी दिसते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

धुराची तक्रारही मी याच्याशीच जोडून वाचते. दम्याचा त्रास असलेल्या एका आजोबांनी लिहिले आहे की धुरामुळे त्यांना अर्ध्या जेवणातून उठावे लागले. पौषात आमच्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून वाहतो आणि यंदा पंगत विस्तवाच्या दक्षिणेला बसली होती, तेव्हा धूर जेवणाऱ्यांवर येणारच. जागा बदलली आणि गोवऱ्या पुरत्या वाळलेल्या असल्या की पाहुण्यांचा प्रश्न सुटतो. पण जी बाई विस्तवापाशी सहा तास बसते, तिचे काय? यांपैकी कितीतरी जणींनी जन्मभर चुलीचा धूर गिळला आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर कुठे त्यांच्या घरात सिलिंडर आला. त्यांनाच पुन्हा दिवसभर धुरात बसवून आपण परंपरा जपतो, असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही. विस्तव राखणे आणि रोडगे फिरवणे हे काम पुरुषांनी करावे, तासातासाला माणूस बदलावा, आणि कणीक मळायलाही तरुण पोरांचे हात लागावेत. रोडग्याची घट्ट कणीक मळायला अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात आहे.

पैशांबद्दलची मते परस्परविरोधी आहेत. नागपूरकरांना जेवणाचे कूपन फारच स्वस्त वाटले, तर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका मजूर कुटुंबाला ते परवडले नाही; त्या घरातल्या बाईने दुसऱ्या कोणाकडून तरी वहीत लिहवून घेतले आहे की पाच माणसांचे कूपन म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी. आपल्याच गावातला माणूस आपल्याच रस्त्यावरच्या पंगतीला मुकावा, हे योग्य नाही. गावकऱ्यांसाठी कूपन बंद करून पूर्वीसारखा शिधा घ्यावा : कोणी पायलीभर गहू द्यावेत, कोणी गोवऱ्या, कोणी वावरातली वांगी, आणि ज्याच्याकडे यातले काही नाही त्याने पाणी भरू लागावे. बाहेरून येणाऱ्यांचे कूपन थोडे वाढवले तरी चालेल.

मटण का नाही, असे काहींनी विचारले आहे. मारुतीच्या पारासमोर ते होणार नाही, आणि त्यावर अधिक चर्चेची गरज मला दिसत नाही. डीजेविरुद्ध लिहिणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. पळसाच्या पत्रावळींचे कौतुक झाले, मात्र पाण्यासाठी वापरलेले प्लास्टिकचे पेले संध्याकाळपर्यंत रस्त्यावर लोळत होते, हेही एकाने नमूद केले आहे. ज्या मुलखात २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी गाव झाडून साजरी होते, तिथे हे एका पाहुण्याला लिहावे लागू नये. पुढच्या वर्षी प्रत्येकाने घरून आपला गडवा किंवा पेला आणावा, असे निरोपातच कळवता येईल.

वही सध्या माझ्याकडे आहे. वेटाळाची बैठक पोळ्यानंतर होते. रब्बीची पेरणी तेव्हा तोंडावर आलेली असते, म्हणून ज्वारी कोण कोण टाकणार हा विषय तिथे पहिला घ्यावा, असे मी सांगणार आहे. दुसरा विषय पाळ्यांचा. पाहुण्यांची पहिली पाळी बसण्यापूर्वी कणीक मळणाऱ्या बायांची पंगत बसावी, त्यांना फुफाट्यातून काढलेले पहिले रोडगे वाढावेत आणि वाढायला वेटाळातले पुरुष असावेत, हा ठराव मी स्वतः मांडणार आहे, आणि त्या माहेरवाशिणीच्या चार ओळी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवणार आहे.