गुण्यात नाही!

सातवीत आम्हांला कार्यानुभवाच्या तासाला सुतारकाम होतं. सर आमचा ठोकळा हातात घेत, त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, लावत आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहत. गुण्या आणि लाकूड यांच्या फटीतून उजेड दिसला, की ठोकळा परत. शब्द दोनच, "गुण्यात नाही." माझा ठोकळा चार वेळा परत आला होता. पाचव्यांदा सरांनी तो काही न बोलता फळीवर ठेवला, तो क्षण अजून आठवतो.

आज मी फावल्या वेळात लाकडी पेनं बनवतो. पाहणाऱ्याला लेथवरचं कातकाम आवडतं, आणि ते आहेही देखणं. पण पेन बिघडतं ते बहुतेक वेळा त्याआधीच, ठोकळा तयार करताना. पाऊण इंच चौरस, पाच इंच लांब ठोकळा घ्यायचा, चांगला वाळलेला. सडपातळ पेनाला ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या लागतात, प्रत्येकी सुमारे ५३ मिलिमीटर लांबीच्या. ठोकळा कापण्याआधी मी त्याच्यावर पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारतो. दोन तुकड्यांवरची ती रेघ जुळली, की लाकडाच्या रेषाही जुळतात. प्रत्येक तुकडा नळीपेक्षा तीनेक मिलिमीटर लांब ठेवायचा. भोक पाडताना घाई केली तर ड्रिल लाकडाच्या रेषांबरोबर वाहवत जातं. म्हणून थोडं आत, बाहेर काढून भुसा झटकायचा, पुन्हा आत. नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून, तिच्या तोंडाला मेण भरून, इपॉक्सी गोंद लावून फिरवत फिरवत आत सरकवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही.

यापुढचं काम मला सगळ्यांत प्रिय. भोक कितीही जपून पाडलं तरी ते ठोकळ्याच्या बाजूंना तंतोतंत समांतर येत नाही. त्यामुळे तुकड्याचं तोंड काटकोनात आणायचं ते आतल्या नळीशी. बाहेरच्या बाजूंना इथे अर्थ नाही, त्या कातताना जाणारच आहेत. नळीत नेमका बसणारा दांडा आणि त्याला जोडलेलं चार दात्यांचं पातं, असं एक हत्यार यासाठी असतं. आधी नळीत सांडलेला गोंद खरवडून काढायचा, नाहीतर दांडा आत जातच नाही. मग हलक्या हाताने पातं फिरवायचं. पात्याला धार नसेल किंवा हात जड पडला तर कडेची ढलपी निघते. लाकूड ठिसूळ असेल तर मी पात्याच्या नादी न लागता पॉलिश पेपरच्या चकतीवर तोंड घासतो.

लाकडाच्या मधोमध पितळेची गोल कडा सगळीकडून सारखी चकाकली, की तिथेच थांबायचं. सुरुवातीला एकदा मी थांबलो नाही. खालची नळी जेमतेम एक मिलिमीटर कमी झाली असेल, पण पेन बंद केल्यावरही रिफिलचं टोक बाहेरच राहिलं. उलट तोंड जरासं तिरकं राहिलं, तर बुश, म्हणजे लेथवर तुकड्याच्या तोंडाशी बसणारा धातूचा गोल तुकडा, एकाच बाजूने टेकतो, आणि तयार पेनात लाकूड आणि धातूच्या मधे नखाला लागेल अशी फट राहते.

तपासायला मी गुण्या वापरत नाही. बुश तोंडाला टेकवतो आणि खिडकीशी जातो.

शाळेतले मोडके बाक निकालात निघाले तेव्हा एक फळी मी मागून घेतली होती. सागवान, वर्षानुवर्षं वाळलेलं. खिळ्यांच्या जागा टाळून तिच्यातून अकरा ठोकळे निघाले. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून नळी चिकटवण्याआधी भोक ॲसिटोनने पुसून घेतलं. हे लिहिताना त्यातला पहिला तुकडा समोर आहे. मघाशी बुश लावून पाहिला. पितळ अर्धंच चकाकतंय आणि एका बाजूने उजेड येतोय.

गुण्यात नाही. उठतो.