राज्य बदलले तेव्हा: एकाच घरातील दोन मेडिकेअरचा माझा अनुभव

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही दोघांनी न्यू जर्सीतील एडिसनचे घर सोडले आणि डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को येथे, मुलीच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, राहायला आलो. घर विकणे, सामान बांधणे, गाडीची नोंदणी बदलणे, बँकेला पत्ता कळवणे यांची यादी मी दोन महिने आधीच केली होती आणि त्या यादीत मेडिकेअरपुढे केवळ ‘पत्ता कळवणे’ एवढेच लिहिले होते. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठीची, अमेरिकेच्या केंद्र सरकारची आरोग्य विमा योजना असून ती सर्व ५० राज्यांत चालते, त्यामुळे राज्य बदलल्याने तिच्यात काही फरक पडणार नाही, अशी माझी समजूत होती. ही समजूत माझ्या मेडिकेअरच्या काही भागापुरती खरी निघाली. माझ्या यजमानांच्या बाबतीत मात्र ती तशीच धरून बसले असते तर आमचे मोठे नुकसान झाले असते. आमच्या ओळखीतील अनेक मराठी कुटुंबांतील ज्येष्ठ आता मुलांजवळ राहण्यासाठी राज्य बदलत आहेत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आमच्या घरात मेडिकेअर दोन प्रकारचे होते. मी २०२३ मध्ये ६५ वर्षांची झाले तेव्हा मूळ मेडिकेअर, म्हणजे रुग्णालयासाठीचा पार्ट ए आणि डॉक्टर व तपासण्यांसाठीचा पार्ट बी, असे घेतले. त्यावर उरलेला खर्च भरणारी मेडिगॅपची ‘प्लॅन जी’ ही पॉलिसी आणि औषधांसाठी पार्ट डीचा स्वतंत्र प्लॅन घेतला. यजमान २०२१ मध्ये ६५ वर्षांचे झाले. तेव्हा त्यांची प्रकृती उत्तम होती, म्हणून त्यांनी मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजचा, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत चालणारा, एचएमओ पद्धतीचा (एरवी कंपनीच्या यादीतील डॉक्टरांकडेच जावे लागणारा) प्लॅन घेतला. त्याला पार्ट बीखेरीज वेगळा प्रीमियम नव्हता, औषधे त्यातच होती, दात आणि चष्म्याचाही थोडा लाभ होता. पुढे २०२३ मध्ये त्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला आणि मधुमेहही निघाला. त्या वेळी आम्हाला मेडिगॅपकडे वळावेसे वाटले होते. पण पार्ट बी सुरू झाल्यानंतरचे पहिले सहा महिने उलटले की बहुतेक राज्यांत मेडिगॅप कंपनी प्रकृतीविषयी प्रश्न विचारू शकते आणि नकारही देऊ शकते. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलता येतात हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्या काळात मेडिगॅप मिळण्याचा हक्क मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. हृदयरोग आणि मधुमेह असलेल्या माणसाला कोण पॉलिसी देणार, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता.

फेब्रुवारीत मी एका विमा एजंटाला दूरध्वनी केला. अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनचे सेवाक्षेत्र काउंटीनुसार, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागानुसार, ठरते, त्यामुळे मिडलसेक्स काउंटीतील यजमानांचा प्लॅन टेक्सासमध्ये चालणार नाही, हे त्यांनी बरोबर सांगितले. फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन या दोन काउंटींत विभागलेले आहे, तेव्हा घर नेमके कोणत्या काउंटीत आहे हेही त्यांनी विचारून घेतले. त्यानंतर लगेच कॉलिन काउंटीतील तसाच एक प्लॅन सुचवून, मार्चमध्ये अर्ज भरू या, असे ते म्हणाले. आम्ही जवळजवळ होकार दिला होता. सुदैवाने एडिसनमधील ज्येष्ठांच्या गटातील एका ताईंनी, सही करण्याआधी काउंटीच्या ‘शिप’ कार्यालयात एकदा बोलून घ्या, असा आग्रह धरला. शिप म्हणजे प्रत्येक राज्यात सरकारी निधीवर चालणारी, मेडिकेअरविषयी विनामूल्य मार्गदर्शन करणारी सेवा. तेथील समुपदेशक कोणताही प्लॅन विकत नाहीत. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात हीच सेवा ‘हायकॅप’ या नावाने ओळखली जाते.

शिपमधील बाईंनी आमचे सर्व ऐकून घेतले आणि यजमानांना विचारले, “तुम्हाला पुन्हा अ‍ॅडव्हान्टेजच हवे आहे का?” त्यांनी पुढे जे सांगितले ते आमच्यासाठी या स्थलांतरातील सर्वांत मोलाचे होते. अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या सेवाक्षेत्राबाहेर कायमचे राहायला गेल्यामुळे तो प्लॅन संपत असेल, तर त्या व्यक्तीला मूळ मेडिकेअरमध्ये परत येऊन मेडिगॅप घेण्याचा हमीचा हक्क मिळतो. या हक्काखाली कंपनी नकार देऊ शकत नाही, आजारांमुळे जास्त प्रीमियम लावू शकत नाही आणि जुन्या आजारांसाठी थांबायला लावू शकत नाही. जे १ जानेवारी २०२० किंवा त्यानंतर ६५ वर्षांचे झाले, त्यांना या हक्काखाली मिळणाऱ्या पॉलिसींमध्ये प्लॅन जी येते. अर्ज जुने संरक्षण संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो आणि ते संपल्यानंतर ६३ दिवसांच्या आत तो करावाच लागतो. मात्र नव्या राज्यात दुसरा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन घेतला, तर या हक्काचा उपयोग होत नाही. दोन वर्षे जे दार बंद आहे असे आम्ही मानत होतो, ते केवळ राज्य बदलल्यामुळे काही आठवड्यांसाठी उघडणार होते, आणि एजंटाच्या सूचनेवर सही केली असती तर ते उघडले होते हेही आम्हाला कधी कळले नसते.

तारखांचा हिशेब मी त्याच दिवशी वहीत मांडला. आम्ही १२ एप्रिलला निघणार होतो. प्लॅनला आधी कळवले तर बदल करण्याची विशेष मुदत स्थलांतराच्या आदल्या महिन्यात सुरू होते आणि स्थलांतरानंतर पूर्ण दोन महिने चालते. म्हणजे आमच्यासाठी मार्च ते ३० जून. यजमानांचा जुना प्लॅन ३० एप्रिलला संपणार होता, त्यामुळे मेडिगॅपचे ६३ दिवस २ जुलैला पूर्ण होत होते. या दोन मुदती वेगवेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या दिवसांपासून मोजल्या जातात, हे लक्षात ठेवणे मला फार आवश्यक वाटते, कारण पुढे आमच्याशी बोललेल्या लोकांपैकी निम्म्यांनी या दोहोंची गल्लत केली. मार्चमध्ये यजमानांनी प्लॅनला लेखी कळवले आणि संरक्षण सेवाक्षेत्र सोडल्यामुळे संपत असल्याचे पत्र मागितले. ते पत्र पुढे आमच्या फार उपयोगी पडले.

निघण्यापूर्वी आम्ही दोघांची तीन महिन्यांची औषधे भरून घेतली. यजमानांचे अँजिओग्राफीचे चित्रण, इकोचे अहवाल आणि स्टेंटची माहिती असलेले कार्ड हे सर्व रुग्णालयातून मागून घेतले. एप्रिलच्या उरलेल्या दिवसांत जुना एचएमओ टेक्सासमध्ये फक्त तातडीच्या उपचारांचा खर्च देणार होता, म्हणून नेहमीच्या तपासण्या आम्ही एडिसनमध्येच उरकल्या.

एप्रिलमध्ये यजमानांनी टेक्सासमधील पार्ट डीचा प्लॅन १ मेपासून घेतला आणि मेडिगॅपच्या प्लॅन जीसाठी एका कंपनीकडे अर्ज केला. येथेच अडचण आली. अर्ज भरून घेणाऱ्या प्रतिनिधीने प्रकृतीविषयीचे सर्व प्रश्न विचारले, आम्ही प्रामाणिकपणे उत्तरे दिली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नकाराचे पत्र आले. कारण म्हणून हृदयविकार आणि मधुमेह असे स्पष्ट लिहिले होते. जुना प्लॅन संपला होता, मूळ मेडिकेअर सुरू होते. पण त्यात पार्ट बीच्या खर्चाचे २० टक्के रुग्णाने भरायचे असतात आणि त्याला वरची मर्यादा नसते. रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते तर २०२५ च्या दराने पार्ट एचे १,६७६ डॉलर डिडक्टिबल, म्हणजे विम्याने खर्च देण्याआधी स्वतः भरायची रक्कम, वेगळे. त्या महिन्यात यजमान जिना चढताना थोडे थांबले तरी माझ्या छातीत धस्स होत असे.

मी टेक्सासच्या हायकॅपला दूरध्वनी केला. समुपदेशकाने अर्जाची प्रत वाचून पाहिली आणि चूक दाखवली. अर्जात हमीच्या हक्काचा एक वेगळा भाग असतो. तो भरला आणि पुरावा जोडला की प्रकृतीचे प्रश्न गाळायचे असतात. आमच्या अर्जात तो भाग कोरा होता आणि प्लॅन संपल्याचे पत्र जोडलेच नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्याच कंपनीकडे नवा अर्ज केला, हक्काचा रकाना भरला, पत्राची प्रत जोडली आणि पाठवल्याची पोच ठेवली. बारा दिवसांत मंजुरी आली आणि १ जूनपासून पॉलिसी सुरू झाली. ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की अर्ज भरताना ‘हमीचा हक्क’ हे शब्द स्वतः उच्चारावेत. समोरचा माणूस ते आपणहून विचारील, यावर विसंबू नये.

या सगळ्या धावपळीत माझ्याकडे दुर्लक्ष झाले. माझे मूळ मेडिकेअर टेक्सासमध्ये तसेच चालू होते, कार्डावरील क्रमांकही तोच राहिला. मेडिगॅपची पॉलिसी मला ठेवता आली. कंपनीने नव्या पिनकोडनुसार प्रीमियम थोडा वाढवला एवढेच. केवळ ठरावीक रुग्णालयांशी जोडलेल्या ‘सिलेक्ट’ प्रकारच्या मेडिगॅप पॉलिसींना हे लागू होत नाही. माझी तशी नव्हती. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मेडिगॅपची रचनाच निराळी आहे, तेव्हा तेथे जाणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी. पण पार्ट डीचे काय? माझ्या औषधांच्या प्लॅनची कंपनी देशभर ठाऊक असलेली आहे, त्यामुळे तो आपोआप माझ्याबरोबर येईल असे मी गृहीत धरले होते. हे प्लॅन विभागांनुसार चालतात, आणि न्यू जर्सी व टेक्सास हे स्वतंत्र विभाग आहेत. हायकॅपमधील त्याच समुपदेशकाने यजमानांची कागदपत्रे बाजूला ठेवून, “मॅडम, तुमचा पार्ट डी कोणता?” असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तो दिवस २० मेचा होता. स्थलांतरानंतर कळवल्यास मुदत कळवल्याच्या महिन्यापासून सुरू होते आणि पुढे पूर्ण दोन महिने मिळते, म्हणून मी त्याच दिवशी प्लॅनला कळवले आणि १ जूनपासून टेक्सासचा प्लॅन घेतला. औषधांच्या संरक्षणात सलग ६३ किंवा त्याहून अधिक दिवसांचा खंड पडला तर पुढे प्रीमियमवर कायमचा दंड बसतो, हे त्यांनी नंतर सांगितले.

पत्त्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मेडिकेअरला पत्ता कळवायचा तो सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयामार्फत. आम्हा दोघांना सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळते आणि पार्ट बीचा दरमहाचा प्रीमियम (२०२५ मध्ये १८५ डॉलर) त्यातूनच कापला जातो, त्यामुळे तेथे घोटाळा झाला नाही. पण मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावलेले, येथे नोकरी न केलेले आणि पाच वर्षे राहिल्यानंतर मेडिकेअर विकत घेतलेले आईवडील असतील, तर त्यांना प्रीमियमचे बिल टपालाने येते. ते जुन्या पत्त्यावर गेले आणि भरायचे राहिले, तर संरक्षणच जाऊ शकते. ज्यांचा पार्ट बीचा प्रीमियम राज्यातर्फे भरला जातो किंवा ज्यांना मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी राज्यामार्फत चालणारी आरोग्य योजना, मिळते, त्यांचा तो लाभ त्या राज्याबरोबर संपतो आणि नव्या राज्यात तेथील निकषांनुसार पुन्हा अर्ज करावा लागतो. न्यू जर्सीची ज्येष्ठांसाठीची औषध-साहाय्य योजनाही तेथील रहिवाशांपुरतीच आहे. कमी उत्पन्न असणाऱ्यांना औषधांसाठी मिळणारे ‘एक्स्ट्रा हेल्प’ हे साहाय्य मात्र केंद्राचे असल्याने राज्य बदलल्यामुळे जात नाही.

पुण्याला दर हिवाळ्यात जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी या बदलाचा आणखी एक अर्थ होता. अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास साधारणपणे तो प्लॅन नाव काढून टाकतो. यजमानांना आता ही चिंता नाही. मूळ मेडिकेअर भारतातील उपचारांचा खर्च देत नाही, परंतु प्लॅन जीमध्ये परदेशातील तातडीच्या उपचारांसाठी, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, २५० डॉलर डिडक्टिबलनंतर ८० टक्के खर्च मिळतो, आणि त्याची आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर आहे. दोन महिन्यांहून अधिक राहायचे असेल तर प्रवास विमा वेगळा घेणे भाग आहे.

खर्च वाढला, हे खरे आहे. यजमान पूर्वी पार्ट बीखेरीज काहीच भरत नव्हते; आता मेडिगॅप आणि पार्ट डी यांचे दोन प्रीमियम दरमहा जातात, आणि दात व चष्म्याचा खर्च खिशातून करावा लागतो. ज्यांची प्रकृती चांगली आहे आणि ज्यांच्या नव्या काउंटीत चांगला अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन आहे, त्यांनी तोच घेतला तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. आमचा निर्णय स्टेंट बसवलेल्या माणसासाठी होता, आणि कोणत्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जायचे हे एखाद्या कंपनीच्या यादीने ठरवू नये असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात यजमान प्रथमच डॅलसमधील हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. ते मेडिकेअर स्वीकारतात एवढीच चौकशी आम्हाला करावी लागली. कोणाची परवानगी किंवा शिफारस लागली नाही. त्यांनी एडिसनहून आणलेले चित्रण पाहिले, इको आणि ताणचाचणी केली. पुढे मेडिकेअरचे हिशेबपत्र आले, तेव्हा वर्षाचे पार्ट बीचे २५७ डॉलर डिडक्टिबल आमच्या नावे होते आणि बाकी सर्व रक्कम मेडिकेअर व मेडिगॅप यांनी मिळून भरली होती. ते पत्र मी जुना प्लॅन संपल्याच्या पत्रामागेच लावून ठेवले आहे.