संस्कृतच्या बाई आणि त्या सात ऋचा

शाळेचा अमृतमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा ८९ च्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि खरं सांगतो, पटांगण, पिंपळ, स्नेहसंमेलन यातलं काही आधी आठवलंच नाही, आठवल्या त्या संस्कृतच्या बाई. नाव लिहायची गरज नाही, जुन्या इमारतीत शिकलेल्या कुणालाही विचारा, बाई म्हटलं की त्याच. बाकीच्या शिक्षकांबद्दल इतर जण लिहितीलच, मी बाईंबद्दलच लिहिणार.

आम्ही नववीत होतो. गणपतीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरलेली, रूपं पाठ करणं चाललेलं, आणि मागच्या बाकावरच्या एकाने मधेच विचारलं, "बाई, देव आधी की हे सगळं जग आधी?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला, वर 'ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १२९' असं लिहिलं आणि खाली एक ओळ, "अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन". म्हणाल्या, "हे नासदीय सूक्त. यात ऋषी म्हणतो की देवसुद्धा या सृष्टीनंतरचे, मग ती कुठून आली हे कोण सांगणार?" वर्ग एकदम गप्प. वेदातच असं लिहिलंय हे कुणाला खरंच वाटेना. मग पुढचे तीन-चार तास अभ्यासक्रम बाजूला ठेवून त्यांनी सातही ऋचा अर्थासकट शिकवल्या. तेव्हा सत् नव्हतं, असत् पण नव्हतं, मृत्यू नव्हता, अमरत्व नव्हतं, रात्र आणि दिवस ओळखायची खूणच नव्हती, वाऱ्याशिवाय आपल्याच शक्तीने श्वास घेणारं ते एक तेवढं होतं. शेवटची ऋचा म्हणताना बाईंचा आवाज बदलायचा. परम आकाशात बसून या सगळ्यावर ज्याची देखरेख आहे त्याला हे माहीत असेल, "यदि वा न वेद", किंवा त्यालाही माहीत नसेल. आणि तिथे सूक्त संपतं!

ही गोष्ट घरोघर पोचली आणि एक पालक शाळेत आले, बरेच चिडलेले, "बाई, तुम्ही पोरांना देव नंतर आला असं शिकवता?" बाई म्हणाल्या, "या, बसा, आता माझा तासच आहे." त्यांना वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला, यावेळी वाचनालयातून चित्रावशास्त्रींचं ऋग्वेदाचं मराठी भाषांतर आणून. त्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "मग आम्ही रोज पूजा करतो ती चूक का?" बाई म्हणाल्या, "अहो चूक कशाला, मी पण सकाळी पूजा करूनच शाळेत आलेय." आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे असं मी मानतो. त्या म्हणाल्या, याच दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, त्यात विराट पुरुषाच्या यज्ञातून जग झालं असं आहे, याच मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे, त्यात आधी हिरण्यगर्भ झाला आणि तोच सगळ्याचा स्वामी, आणि याच मंडलात हे नासदीय, जे म्हणतं कोणाला माहीत. तीन सूक्तं, तीन तऱ्हा, आणि ज्यांनी मंडल जुळवलं त्यांनी यातलं एकही गाळलं नाही. ते पालक पुढे बाईंकडे अधूनमधून पुस्तकं मागायला यायचे, हे नंतर शाळेच्या शिपाईमामांनी सांगितलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जण स्टाफरूमच्या बाहेर बाईंना गाठायचो. सांख्य दर्शनवाले म्हणतात प्रकृती आणि पुरुष, म्हणजे जड आणि चेतन, एवढ्यावर सगळं उलगडतं, वैशेषिक दर्शनाचे कणाद म्हणतात परमाणू एकत्र येऊन जग होतं, वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणतात जग निर्माण झालंच नाही, ते कायम असंच होतं, जैनही विश्व अनादी मानतात आणि कर्ता मानत नाहीत, आणि बुद्धाला विचारलं जग शाश्वत आहे की अशाश्वत तर तो उत्तरच देत नाही, म्हणतो बाण लागलेल्या माणसाने आधी बाण काढावा, तो कुणी मारला याची चौकशी करत बसू नये. हे सगळं आम्हाला वडापाव खाता खाता कळलं. बाईंचा स्वतःचा जीव मात्र ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात होता. जग म्हणजे नुसता भ्रम असं म्हणून सोडून द्यायला माउली तयार नाहीत, अज्ञानाचं खंडन करायला त्यांनी ग्रंथातलं सगळ्यात मोठं प्रकरण खर्च केलं, आणि जे दिसतं तो त्या एका चैतन्याचाच विलास आहे असं सांगितलं, हे बोलताना घंटा झालेली पण बाईंना कळायची नाही.

दहावीत असताना, १९८८ साली, दूरदर्शनवर 'भारत एक खोज' सुरू झालं आणि सुरुवातीलाच नासदीय सूक्त लागलं. आमच्या अख्ख्या वर्गाला ते आधीच पाठ! तो अभिमान अजून आहे.

आज मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि विश्वरचनाशास्त्र शिकवताना दरवर्षी तो तास येतोच. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचं, सगळीकडून येणारं २.७ केल्विनचं पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटानंतरच्या उष्णतेचा उरलेला अंश, जो पेंझियास आणि विल्सन यांना १९६० च्या दशकात सापडला, हे सगळं सांगून झालं की कुणीतरी विचारतंच, सर त्याच्या आधी काय होतं? मग मी पुस्तक मिटतो आणि बाईंची ती ओळ फळ्यावर लिहितो. लमेत्र यांची गोष्ट पण सांगतो. प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित १९२७ मध्ये मांडणारा हा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू, पण १९५१ मध्ये पोपनी जेव्हा महास्फोटाच्या (बिग बँगच्या) सिद्धांतात ईश्वरी निर्मितीला पुष्टी मिळते असं सुचवलं तेव्हा नाराज झालेल्यांत तोच पुढे होता, कारण त्याला श्रद्धा आणि गणित यांची सरमिसळ नको होती. बाईंना हा माणूस फार आवडला असता. आणि आपल्या नारळीकर सरांचं उदाहरण तर हवंच. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि बहुतेक जगाने महास्फोट मान्य केल्यावरही हॉईल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांबरोबर १९९३ मध्ये सुरुवात नसलेल्या विश्वाचा सिद्धांत मांडला. फार थोड्या शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला, तरी मी तो शिकवतो. गाळत नाही.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. वाचनालयाची ती लाकडी कपाटं आता नाहीत, तिथे कॉम्प्युटर लॅब आहे, ती पण हवीच, पण ऋग्वेदाचे खंड कुठे गेले ते कुणाला सांगता आलं नाही. संस्कृत मुलं अजूनही घेतात, पण स्कोअरिंग म्हणून. आणि दुसरीकडे रोज फॉरवर्ड येतात की बिग बँग वेदात आधीच सांगितलाय, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, बघा जुळलं. मला याचा मनापासून त्रास होतो. बाईंनी हा कल्पाचा आकडा आम्हाला पण सांगितला होता, पण लगेच म्हणाल्या होत्या की आकडा जवळ आला म्हणजे कुणी मोजलं होतं असं नाही, आणि आपल्याकडे एवढ्या मोठ्या काळाचा विचार करायची हिंमत होती हेच पुरेसं मोठं आहे. जे सूक्त "त्यालाही माहीत नसेल" इथपर्यंत जातं त्याला सगळ्या उत्तरांचं पुस्तक करून टाकणं हा त्या ऋषीचा अपमान आहे, मी तरी हेच म्हणेन, कुणाला राग आला तरी.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. अमृतमहोत्सव समितीला माझी एवढीच विनंती आहे, की वाचनालयासाठी ऋग्वेदाचं मराठी भाषांतर आणि अमृतानुभव सार्थ, या दोन्हींच्या प्रती मी माझ्या खर्चाने देतो, त्या कुलपात न ठेवता मुलांच्या हाताला येतील अशा ठेवा, आणि नववीच्या संस्कृतला वर्षातले तीन-चार तास या सात ऋचांसाठी द्या. परीक्षेला मात्र ठेवू नका.