फट बुजवा, असं मीच म्हणाले होते

काकूंचा फोन आला तेव्हा बाहेर उणे सत्तावीस होतं आणि मी आमच्या वन्यजीव उपचार केंद्रात एका घुबडाच्या पंखाची पट्टी बदलत होते. माझा नंबर त्यांना इथल्या मराठी ग्रुपवरून मिळाला होता. तिथे माझी ओळख ‘सापवाली ताई’ अशी आहे. सांगलीला असताना सर्पमित्रांबरोबर फिरायचे हे एकदा बोलून गेले, तेव्हापासून ते चिकटलं.

“अगं, तळघरात साप निघालाय. म्हणजे निघून दहा दिवस झाले. पण आता मान टाकतोय.”

दहा दिवस. लोक आम्हाला पहिल्या दिवशी कधीच फोन करत नाहीत. आधी इंटरनेट, मग शेजारी, मग प्राणी मरायला टेकला की आम्ही.

घर कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तरेला, स्टोनवॉलच्या पुढे. जुनं, चुनखडीच्या दगडी पायाचं, मुलाने उन्हाळ्यात विकत घेतलेलं. साप दिसल्यावर मुलगा बर्फाचं फावडं घेऊन त्याला बाहेर टाकायला निघाला होता. काकूंनी सापावर घमेलं पालथं घातलं, वर दहा किलो आट्याची पिशवी ठेवली आणि मुलाला गप्प केलं. इथवर सगळं उत्तम. मग मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. व्हिडिओ बघून काचेची पेटी, खाली गरम होणारी मॅट आणि सहा छोटे गोल्डफिश घेऊन आला.

“काकू, दूध नाही ना ठेवलंत?”

“एवढी अडाणी वाटले का तुला?” त्या कडाडल्या. काकू मूळच्या बत्तीस शिराळ्याच्या. जिवंत नागांच्या मिरवणुका कोर्टाने बंद करायच्या आधीची नागपंचमी त्यांनी लहानपणी दारात पाहिलेली. त्या घरात सापाबद्दल सगळ्यात जास्त अक्कल त्यांनाच होती.

तिकडे सांगलीला फोन आला की पहिला प्रश्न असायचा, विषारी का बिनविषारी? नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं काही आहे का, एवढं कळेपर्यंत श्वास अडकलेला. इथल्या मॅनिटोबा प्रांतात हातावर मोजण्याइतक्या जातींचे साप आहेत आणि माणसाच्या जिवावर उठणारा त्यात एकही नाही. इथे मी पहिलं विचारते, साप आहे त्या खोलीचं तापमान किती? बाकी सगळं त्यावर ठरतं. साप थंड असेल तर बहुतेक वेळा थंडच ठेवायचा आणि लवकर आणायचा. एकदा उबेत आला, पोटात काही गेलं, की पुढचा सगळा हिशोब बदलतो.

उशीचा अभ्रा, त्यात साप, तोंडाला गाठ, अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात, गाडी आधी गरम करून ठेवा, हे मी सांगत होते. काकू मध्येच म्हणाल्या, “एक निघाला म्हणजे आणखी असणार बघ. जोडीनं असतात ते.”

मी हसले. किती वर्षं आणि किती अंगणांत मी हे खोडून काढलं असेल! साप जोडीने राहत नाही, जोडीदार सूड घ्यायला येत नाही, त्याच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो निघत नाही. शाळांमधून तर हे तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

“तसं काही नसतं, काकू. बाहेरून फट कुठे आहे ती शोधा आणि फोम मारून बुजवून टाका. म्हणजे पुन्हा कुणी यायला नको.”

हे म्हणून मी घुबडाकडे वळले.

दुपारी मुलगा खोकं घेऊन आला. रेड-साइडेड गार्टर, मादी, साधारण बासष्ट सेंटीमीटर. काळपट अंगावर तीन पिवळट पट्टे, बाजूच्या पट्ट्याच्या वर लाल ठिपक्यांची ओळ. आपली नानेटी पाहिली असेल तर हा साप परका वाटणार नाही, एकाच उपकुळातले ते. फरक असा की नानेटी अंडी घालते आणि ही थेट पिल्लं देते. आणि पकडली की जी घाण अंगावर सोडते, तिचा वास दोनदा हात धुऊनही जात नाही. त्या दिवशी तिने ती सोडली नाही. तेच मला खटकलं. घाण न सोडणारी गार्टर म्हणजे अंगात त्राण नसलेली गार्टर.

वजन ६६ ग्रॅम. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच राहत होती. खोक्यात ओकलेला अर्धवट पचलेला मासा. तिला उताणी केली तेव्हा पोटावरचे सहा-सात खवले लालसर, कडेला फुगलेले. मॅट. थर्मोस्टॅट न लावलेली मॅट. सापाला पोटाखालची उष्णता वेळेवर उमगत नाही, तो तिथेच भाजत बसतो. मुलगा बिचारा म्हणाला, “दुकानदार म्हणाला थर्मोस्टॅट ऐच्छिक आहे.” गाडीला ब्रेक ऐच्छिक आहेत म्हणण्यासारखंच हे. गोल्डफिशचं तेच. त्यांच्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, महिनोन्महिने तेच खाल्लं तर सापाला झटके येतात. पण ते स्वस्त असतात आणि काउंटरवरच असतात.

पहिलं काम पाणी. उथळ ट्रेमध्ये कोमट पाणी, हनुवटीपर्यंत येईल एवढंच. पाच मिनिटं ती नुसती पडून होती. मग तोंड पाण्याला टेकलं आणि गळ्याखालचा पांढरट भाग हलायला लागला. इतका बारीक की कुणी दाखवल्याशिवाय दिसणार नाही. मी घड्याळ लावलं, ती अकरा मिनिटं पीत होती. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आम्ही गाई-म्हशी शिकलो, साप जवळजवळ नाहीच. हे मी इथे येऊन शिकले. तिथे डॉक्टर होते, इथे परीक्षांचे टप्पे संपेपर्यंत सहायक आहे. त्याबद्दल बोलायला लागले तर साप राहून जाईल.

पेच भाजण्याचा होता. एरवी या दिवसांतल्या सापाला आम्ही परत शीतनिद्रेत पाठवतो. पण पाच अंशांवर जखम भरत नाही, तिला ऊब लागते. उबेत साप जागा, जागा म्हणजे खाणं हवं, आणि पोटात अन्न असताना गार केला तर ते आतल्या आत कुजतं. म्हणून आधी जखम, मग उपास, मग थंडी, या क्रमाने जायचं ठरलं. मलम, कोरडा कागद, तुकडे केलेली मोठी गांडुळं. गांडूळखतातली लाल गांडुळं चालत नाहीत, ती गार्टरला बाधतात. जानेवारीच्या शेवटी तिने कात टाकली. खालचे खवले स्वच्छ निघाले, फक्त फिकट डाग राहिले. वजन ७२. आणि त्याच आठवड्यात तिने खाणं बंद केलं. दिवसभर नाक काचेला घासत फिरायची.

आमच्या प्रमुखांचं म्हणणं होतं, असू दे, मेपर्यंत उबेतच ठेव. स्वयंसेवकांनाही तेच हवं होतं, त्यांना खायला घालायला आवडतं. फ्रिजमध्ये निजलेल्या सापाचा फोटो कुणी काढत नाही. मी अडून बसले. हा साप वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ जमिनीखाली काढतो. याच जातीचे नर थंडीतून गेल्याशिवाय वसंतात मादीमागे लागत नाहीत. मादीला थंडीचा काहीच उपयोग नसेल, हे मला पटत नव्हतं.

दोन आठवडे उपास. मग तापमान रोज थोडं थोडं खाली आणून फेब्रुवारीच्या मध्याला फ्रिज. या फ्रिजचा मला अभिमान आहे, सांगते. जुना, शीतपेयांचा. रिकामा फ्रिज दार उघडलं की चार-पाच अंश उड्या मारतो, म्हणून सगळे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी भरले. थंडी बाटल्या धरून ठेवतात, हवा नाही. दोन सेन्सर, एक फ्रिजच्या भिंतीला, एक तिच्या डब्यात. डब्यात एका बाजूला ओलसर शेवाळ, दुसरीकडे कोरडा कागद, पाण्याची वाटी. आठवड्यातून एकदा दार उघडून हवा आणि वजन. दारावर मी मराठीत ‘आत साप आहे, डबे ठेवू नयेत’ असं लिहिलं. वाचता कुणाला येत नव्हतं, पण डबा कुणी ठेवला नाही. दहा आठवड्यांत वजन ७२ वरून ६९. पाच अंशांच्या आसपास आलेख जवळपास सरळ रेघ. तो आलेख मी अजून ठेवलाय.

विनिपेगच्या उत्तरेला नार्सिसची सापांची बिळं आहेत. चुनखडीतले खड्डे, हिवाळ्यात त्यांत हजारो गार्टर एकत्र राहतात. मे महिन्यात माणसं सहली काढून बघायला जातात. १९९९ मध्ये कडाक्याच्या हवेने साप बिळात पोहोचायच्या आधीच गाठले आणि हजारोंनी मेले. महामार्ग १७ वर चिरडू नयेत म्हणून रस्त्याखालून बोगदे काढलेत. हे सगळं मला माहीत होतं. मी स्वतः तीनदा जाऊन आलेय, फोटो घरी फ्रेम करून लावलेत.

आणि काकूंनी जोडी म्हटल्यावर मी हसले होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिला सोडायला गेले. ज्या ठिकाणाहून आली तिथेच सोडायची, दुसरीकडे सोडलेल्या सापाला पुढच्या हिवाळ्यात बीळ सापडत नाही. मुलगा मला घराच्या दक्षिण बाजूला घेऊन गेला आणि कौतुकाने म्हणाला, “तुम्ही सांगितलं तसं केलं.” दगडांच्या मधे, जमिनीपासून वीतभर वर, पिवळा फोम फुगून बाहेर आला होता. व्यवस्थित, सुरीने तासलेला. डिसेंबरमध्ये मारलेला.

ऑक्टोबरात तळघरात नवी हीटिंग टाकली होती, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. मी डिसेंबरात विचारलंच नव्हतं. भिंत उबदार झाली, तिच्यातला साप जागा झाला, उबेच्या दिशेने आत आला. एकच आला. बाकीचे?

आमच्याकडे फोनशेजारी सूचनांचा कागद आहे. वटवाघळांच्या पानावर ठळक अक्षरात आहे, हिवाळ्यात भोक बुजवू नका, आत असतात. सापांच्या पानावर ती ओळ नाही. कागदाने मला वाचवलं नाही असं म्हणता येईल, पण मी त्या दिवशी कागद बघितलाही नव्हता.

फोम आम्ही चाकूने आणि पान्याने काढला, तासभर लागला. आतल्या टोकाला एक नर चिकटलेला होता, सुकून चपटा, बरगड्या मोजता येतील असा. त्याच्या पलीकडे दगडात अंधार आणि हाताला लागणारी गार हवा. भिंत फोडल्याशिवाय पुढे काही दिसणार नव्हतं.

मुलाने काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्या एप्रिलमध्येच कऱ्हाडला परतल्या होत्या. मी नराला कागदात गुंडाळत होते, ते त्यांनी पाहिलं.

“अजून होते ना गं?”

“होते, काकू.”

“किती?”

“माहीत नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. मागे त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

मादीला फटीसमोर गवतात ठेवलं. या वेळी मात्र तिने माझ्या मनगटावर भरपूर घाण सोडली. मग फटीकडे न जाता उन्हात दगडावर पसरली. पोट वर न करता डाग दिसत नाहीत, म्हणून पुढे मुलाने फोटो पाठवले तर कसं ओळखायचं हा प्रश्नच होता. तेविसाव्या तारखेला त्याने एक पाठवला. त्याच भिंतीवर दोन साप, शेजारी शेजारी. एक तिच्या मापाचा, एक बारीक. तो फोटो मी मोठा करून इतक्या वेळा पाहिला की आता नुसते चौकोन दिसतात. बारीक कदाचित त्या फटीतून आला, कदाचित शेजारच्या शेतातून.

जुलैत सगळे दूरच्या पाणथळीकडे गेले की मुलगा आतल्या बाजूने सिमेंट भरणार आहे. बाहेरची फट उघडीच ठेवायला सांगितलंय. सापांच्या पानावर ती ओळ मी पेनने लिहिली. नव्या छपाईत घेऊ, असं प्रमुख म्हणाले.