पळण्याची मजुरी

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज मुंबई मॅरेथॉन झाली. पुरुषांत इरिट्रियाचा बेरहाने तेस्फाय पहिला, २ तास ११ मिनिटे ४४ सेकंद. भारतीयांत अनिश थापा २:१७:२३ मध्ये पहिला, मान सिंग त्याच्यामागे अवघ्या १४ सेकंदांनी. भारतीय महिलांत गुजरातच्या निर्माबेन ठाकोरनं गेल्या वर्षीसारखीच यंदाही बाजी मारली. एकूण शर्यत जिंकणाऱ्याला ५० हजार डॉलर, म्हणजे साधारण त्रेचाळीस लाख रुपये. भारतीयांतल्या पहिल्याला पाच लाख.

दुपारपासून हे दोन आकडे डोक्यात आहेत. त्यांच्यातल्या फरकाचं मला वाईट वाटत नाही. आपल्यापेक्षा पाच-सहा मिनिटं आधी पोचणाऱ्याला जास्त मिळणारच. शिवाय बाहेरून येणाऱ्यालाही ते सगळे घरी नेता येत नाहीत, एजंटचा वाटा द्यावा लागतो. केनियातल्या इटेनसारख्या गावांत रोज पहाटे शेकड्यांनी पोरं पळतात, त्यातली थोडीच कधीतरी विमानात बसतात. तिथलाही हिशेब बहुतेकांसाठी तोट्याचाच असणार.

मला छळतो तो पाच लाखांचा आकडा. पूर्ण मॅरेथॉन जीव तोडून पळायची तर वर्षाला दोन, फार तर तीन. त्यातल्या एकीत देशात पहिला आलास तर पाच लाख. पण पंधरावा आलेला? तोही तेवढंच पळालेला असतो. आठवड्याला १६० ते २०० किलोमीटर सराव असतो. सरावाचा बूट सहाशे-आठशे किलोमीटरला झिजून बाद होतो, म्हणजे जवळपास दर महिन्याला एक जोड. साध्या चांगल्या बुटाला आठ-दहा हजार, तळात कार्बनची पट्टी असलेल्या शर्यतीच्या बुटाला वीस हजारांच्या पुढे. दूध, अंडी, सुकामेवा, रक्ताच्या तपासण्या, फिजिओ, मैदानाजवळच्या खोलीचं भाडं. उन्हाळ्यात उटीला सरावाला जायचं तर ते वेगळंच. एवढं करून हातात काही नोकरी धरता येत नाही, कारण दिवसातून दोनदा पळायचं आणि मधल्या वेळात झोपायचं, हेच पूर्णवेळ काम आहे. लोकांना झोप म्हणजे आराम वाटतो. पळणाऱ्याचं शरीर झोपेतच तयार होतं, हे मी शाळेतल्या पोरांना पळायला शिकवताना त्यांच्या पालकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय.

मग हे सगळं चालतं कशावर? पगारावर. सैन्यदल, रेल्वे, पोलीस, ओएनजीसीसारखी सरकारी कंपनी. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या धावपटूची खरी कमाई नोकरी हीच असते, बक्षीस वरचं. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोतून पळण्याकडे आली, रेल्वेत लागली, मुंबईची मॅरेथॉन भारतीय महिलांत सलग तीनदा जिंकली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली. पुढे राज्य सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी केलं. हे योग्यच झालं. आमच्या दुष्काळी गावांतल्या आयांना 'पोरीला पळू द्या' म्हणताना मला तिचं नाव पुढे करता येतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

पण सावरपाड्याची कविता राऊत? २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, अर्जुन पुरस्कार, रिओची मॅरेथॉन. तिला ओएनजीसीत नोकरी मिळाली, पण आपल्या राज्याच्या सेवेत वर्ग एकचं पद मिळावं म्हणून ती कित्येक वर्षं मागे लागली होती. २०२४ मध्ये तिनं ते उघड बोलून दाखवलं. एवढं पळालेल्या बाईला मागावं लागलं, याचं मला दुःख होतं. पदकाचं फळ काय, हे नियमानं ठरलेलं असावं, अर्ज-विनंत्यांवर नव्हे.

२० जानेवारी, सोमवार

काल लिहिताना स्टीपलचेसवाला अविनाश साबळे राहिला.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. आई-वडील वीटभट्टीवर. बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंट. सियाचीन, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. पळणं तिथं, क्रॉसकंट्रीतून, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतींतून, २०१५ मध्ये लागलं. स्टीपलचेस २०१७ मध्ये. २०१८ मध्ये त्यानं गोपाळ सैनीचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, गेल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी.

त्याच पॅरिसात ऑलिंपिकच्या आधी, जुलैमध्ये, डायमंड लीगची शर्यत झाली. त्यात त्यानं ८:०९.९१ वेळ दिली. भारतात आजवर कुणी एवढं जलद स्टीपलचेस पळालेलं नाही. सहावा आला. डायमंड लीगच्या तेव्हाच्या तक्त्यात सहाव्या क्रमांकाला एक हजार डॉलर होते. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत, जगातल्या सर्वांत मोठ्या मालिकेत, आणि मोबदला ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये. उलट आशियाई सुवर्णाला राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले. ते त्याला मिळालेच पाहिजेत. पण बघा, मधली पायरीच नाही. एकतर कोटी, नाहीतर काहीच नाही. आणि कोटी येतात ते सगळं संपल्यावर, म्हणजे ज्याला आता बूट घ्यायची चिंता उरलेली नाही त्याच्याकडे.

साबळेच्या तारखा मी मुद्दाम लिहिल्या. भरती झाल्यापासून स्टीपलचेसपर्यंत त्याला चार वर्षांहून जास्त लागली. ती वर्षं त्याला पगार, जेवण आणि छप्पर होतं, आणि कुणी 'निकाल दाखव' म्हणत नव्हतं. २०२२ पासून सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. खेळाडूंसाठी सैन्याची थेट भरती असते, पण तिला आधी मोठ्या स्पर्धेतली कामगिरी लागते. साबळेकडे भरतीच्या वेळी ती नव्हती. लांब पल्ल्याचा माणूस पंचविशी ओलांडल्यावर पिकतो. त्याला घाई करून चालत नाही. आजच्या मांडव्यातला एखादा पोरगा चार वर्षांत परत आला, तर त्याच्यातला साबळे कुणाला दिसणार? या प्रश्नानं मला खरंच भीती वाटते.

राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चांगली सोय. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली, चौकशा झाल्या, आणि तेव्हापासून खऱ्या पोराला आपलं प्रमाणपत्र खरं आहे हे सिद्ध करण्यात महिने घालवावे लागतात. खोटं प्रमाणपत्र घेणारा एका पळणाऱ्याची दहा वर्षं चोरतो. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज संध्याकाळी नववीतल्या एका मुलीचे वडील ग्राउंडवर आले होते. जिल्ह्याला तीन हजार मीटरमध्ये पहिली आलेली पोरगी. नाशिकला सरावाला पाठवा, असं मी मागे त्यांना म्हणालो होतो. तिथं भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंगांच्या हाताखाली कविता राऊत, मोनिका आथरे, संजीवनी जाधव घडल्या. गावाकडच्या मुलींना सांभाळून घेणारी जागा म्हणून ती आमच्या डोळ्यांसमोर असते.

त्यांनी सरळ विचारलं, "सर, यात पोट भरतं का?"

मी खरं ते सांगितलं. बहुतेकींचं भरत नाही. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिना दहा हजार हातखर्चाला. ऑलिंपिकसाठीच्या 'टॉप्स' यादीत गेली तर महिना पन्नास हजार, पण त्या यादीत देशभरातून धावपटू थोडेच. या दोहोंच्या मध्ये जी पोरं आहेत, राज्यात तिसरी-चौथी, देशात विसावी-तिसावी, ती काय खातात? ती शनिवारी रात्री एसटीनं निघतात, रविवारी पहाटे कुठल्या तरी तालुक्याच्या 'मॅरेथॉन'मध्ये दहा किलोमीटर पळतात, नेत्याच्या हातून अकरा हजारांचं पाकीट घेतात आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या गावाला. त्या पैशांवर खोलीचं भाडं निघतं, पण दर आठवड्याला शर्यत पळून शरीर उरत नाही. गुडघा, नडगी, पिंढरी, काहीतरी जातंच. अशी माझी हुशार पोरं गेली. आज पोलीस भरतीच्या पोरांबरोबर सोळाशे मीटरला वीस गुण मिळवायला पळतात. पोलीस होणं वाईट नाही, उलट त्यातच कितीतरी घरं उभी राहिली. फक्त सोळाशे मीटरसाठी ती जन्मली नव्हती.

माझं ठाम मत आहे की मोठ्या शर्यतीतलं पहिलं बक्षीस वाढवून हे सुटणार नाही. राज्यानं धावपटूंची यादी करावी, वेळेवर ठरवलेली, शिफारशीवर नव्हे. त्यातल्या पहिल्या तीस-चाळीस जणांना चार वर्षं महिन्याचं मानधन, विमा आणि फिजिओ द्यावा. आणि ज्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये हजारो हौशी लोक प्रवेश फी भरून पळतात, तिथं त्या फीतला ठरावीक भाग या यादीकडे वळवावा. हौशी लोकांवर माझा राग नाही. रस्त्यावर पळणाऱ्या प्रत्येक माणसानं आमच्या पोरांची लाज थोडी कमी केली. पूर्वी हाफ पँटीत पळणाऱ्या पोरीकडे लोक थांबून बघायचे, आता टाळ्या वाजवतात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डाळिंबाला तीन वर्षं थांबतो की आपण. पण डाळिंबाचा विमा उतरवता येतो." मला यावर उत्तर देता आलं नाही.

शेवटी असं ठरलं. दहावी इथंच, कारण अभ्यास सोडून पळणं मला मान्य नाही. दोन वर्षांत रविवारच्या पैशांच्या शर्यती अजिबात नाहीत, वर्षाला फक्त शालेय स्पर्धा, जिल्हा-राज्य निवड आणि क्रॉसकंट्री. दुखापत झाली तर लपवायची नाही. दहावीनंतर वेळ पाहून नाशिकचा निर्णय, आणि तेव्हा तिला स्वतःला जायचं आहे का, हे आधी विचारायचं. बुटांचा खर्च माजी विद्यार्थ्यांकडे मागणार आहे, दोघे पुण्यात चांगल्या नोकरीला आहेत. दूध आणि अंड्यांचं डेअरीच्या चेअरमनशी बोलतो. उद्या दुपारच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन यायचं, आणि मागायला लाजायचं नाही.