व्हर्जिनियातली हंटर पेस: मिडलबर्गच्या कुरणांतून सात मैल

वॉशिंग्टनहून रूट 50 ने पश्चिमेला निघालं की तासाभरात वस्ती विरळ होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी कुंपणं आणि दगडी गडगे दिसायला लागतात, अगदी कोकणातल्यासारखे, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले. मिडलबर्ग, अपरव्हिल, द प्लेन्स या गावांचा हा टापू म्हणजे अमेरिकेतल्या घोड्यावरून होणाऱ्या कोल्हेशिकारीचं माहेरघर. इथला पिडमाँट फॉक्स हाउंड्स हा क्लब 1840 पासूनचा. 1905 च्या नोव्हेंबरात इथे इंग्लिश आणि अमेरिकन शिकारी कुत्र्यांची पैजेची चढाओढ झाली. उत्तरेकडच्या धनिक शिकार-शौकिनांचं लक्ष या टापूकडे वेधण्यात तिचा मोठा वाटा होता. मोठमोठ्या जमिनी अजून तुकडे न पडता टिकून आहेत, म्हणूनच इथे मैलोन्‌मैल सलग घोडा चालवता येतो. अॅशबर्न-हर्नडन या वॉशिंग्टनच्या उपनगरांतली मराठी मंडळी सफरचंदं तोडायला याच बाजूला येतात. त्या उपनगरांतून मिडलबर्ग अर्ध्या-पाऊण तासावर.

हंटर पेस ही या शिकारीच्या धर्तीवरची घोडेस्वारीची स्पर्धा, पण तिच्यात कोल्हा नसतो आणि कुत्रीही नसतात. शिकारीच्या वाटेसारखी आखलेली सहा ते दहा मैलांची खुणा केलेली वाट असते आणि दोन ते चार स्वारांचा एक चमू ती एकत्र पार करतो. जिंकणारा चमू सर्वांत वेगवान नव्हे, तर ‘आदर्श वेळे’च्या सर्वांत जवळ येणारा. ही वेळ गुप्त असते. क्लबचं कुणीतरी जाणतं माणूस शिकारीच्या बेतशीर वेगाने ती वाट आधी पार करतं आणि लागलेला वेळ पाकिटात बंद होतो. काही ठिकाणी सगळ्या चमूंची सरासरी धरतात. नेमकी पद्धत प्रवेशपत्रकावर असते, ती वाचावी. उड्या मारणाऱ्यांचा विभाग वेगळा आणि उड्या टाळून जाणाऱ्यांचा वेगळा. दुसऱ्याला हिलटॉपर म्हणतात आणि त्याची आदर्श वेळ जास्त असते. हौशी स्वाराने पहिल्यांदा हिलटॉपरमध्येच नाव घालावं. तिथेही वाटलं तर एखादा ओंडका ओलांडायला सहसा कुणी अडवत नाही.

हंगाम दोन: सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिल. मधल्या महिन्यांत शिकारीचा मुख्य मोसम असतो आणि उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. शरद ऋतूतली पेस दिसायला सुंदर, पण तेव्हा जमिनीतल्या गांधीलमाश्यांची पोळी ऐन भरात असतात, त्याबद्दल पुढे.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त लोक अडतात ते कॉगिन्स चाचणीवर. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची ही रक्तचाचणी असते आणि व्हर्जिनियात घोडे एकत्र जमतात तिथे बारा महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागतो. रक्त घेतल्यापासून अहवाल हाती यायला काही दिवस जातात, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ केली तर वरातीमागून घोडं. आपला घोडा नसेल तर जवळच्या रायडिंग शाळेत विचारावं. बऱ्याच शाळा आपल्या विद्यार्थ्यांना ट्रेलरसकट घेऊन जातात, मात्र त्याआधी मोकळ्या रानात दोन-चार फेऱ्या झालेल्या असाव्यात असा त्यांचा आग्रह असतो. तो रास्तच आहे. महालक्ष्मीच्या मैदानावर किंवा कुठल्याही वाळूच्या रिंगणात उत्तम बसणारा स्वारही उतारावर पहिल्यांदा कॅन्टर, म्हणजे बेताची दौड, करताना गोंधळतो, कारण रिंगणात घोड्याला आवरायला भिंत असते.

चमू निवडताना मैत्रीपेक्षा घोड्यांच्या ढांगा बघाव्यात. 16.2 हात उंचीचा थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा (एक हात चार इंचांचा, 16.2 म्हणजे 16 हात 2 इंच), म्हणजे खांद्याशी साधारण 168 सेंटीमीटर, आणि 13 हातांचं पोनी एकत्र नेलं तर थरोब्रेड वॉक, म्हणजे साधी चाल, करताना पोनी सतत दुडक्या चालीत राहतं. चार मैलांत एक कंटाळतो आणि दुसरं दमतं. पुढे धीराचा घोडा, मधे बुजरा आणि लाथ मारणारा सर्वांत मागे. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची रीत आहे आणि नवख्या घोड्याला हिरवी. लाल फीत दिसली की एका घोड्याऐवजी तीन घोड्यांचं अंतर ठेवावं.

आता वेळेचं गणित, कारण सगळी गंमत त्यातच आहे. सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. वॉकचा वेग ताशी 6 किलोमीटर, ट्रॉटचा, म्हणजे दुडक्या चालीचा, 12 आणि बेताच्या कॅन्टरचा 20 धरू. अडीच किलोमीटर वॉक, सहा किलोमीटर ट्रॉट आणि उरलेलं कॅन्टर केलं तर अनुक्रमे 25, 30 आणि 8 मिनिटं लागतात, एकूण 63. नवखे लोक वेळ वाचवायला कॅन्टर वाढवतात. एक किलोमीटर ट्रॉटऐवजी कॅन्टर केल्याने दोन मिनिटं वाचतात, तर तोच एक किलोमीटर वॉकऐवजी ट्रॉट केला तर पाच. म्हणजे आपली वेळ ठरते ती वॉक किती केला यावर. चिखल, खडकाळ उतार, ओढे या जागी वॉक करावाच लागतो. बाकीच्या जागी निष्कारण रेंगाळलं नाही की आदर्श वेळेच्या आसपास आपोआप पोचता येतं. आधी पाकिटासाठी वाट पार करणाऱ्यानेही तेच केलेलं असतं, त्यामुळे ‘इथे शहाणा माणूस काय करेल’ हा प्रश्न घड्याळापेक्षा जास्त उपयोगाचा.

सामानात नवं काही वापरायचं नाही, हा पहिला नियम. नवं खोगीर किंवा नवे बूट सातव्या मैलाला रक्त काढतात. इथे चढ बरेच आहेत, म्हणून खोगीर मागे सरकू नये यासाठी ब्रेस्टप्लेट, म्हणजे घोड्याच्या छातीवरची पट्ट्यांची जोडणी, लावावी. उडीच्या वेळी तिचा पट्टा हाताने धरताही येतो. रिंगणात साध्या स्नॅफलवर (लगामाच्या तोंडातल्या कडीचा, म्हणजे बिटचा, सौम्य प्रकार) शहाण्यासारखा चालणारा घोडा दहा घोड्यांच्या संगतीत लगाम ओढतो, तेव्हा थोडा कडक बिट लागेल का हे सरावात आधीच तपासावं. हेल्मेट एएसटीएम/एसईआय या अमेरिकन सुरक्षा-मानकांचं प्रमाणित हवं. हवेने फुगणारं जॅकेट असेल तर उतरण्यापूर्वी त्याची दोरी खोगिरापासून सोडायची. ती विसरली की फुसकन आवाज होतो आणि शेजारचे चार घोडे उधळतात. मोबाइल खोगिराच्या पिशवीत ठेवू नये, अंगावर ठेवावा: पडलो तर घोडा जाईल आणि त्याच्याबरोबर मोबाइलही. खूर साफ करायचा आकडा, चिकटपट्टीची गुंडाळी, छोटी सुरी आणि बांधायला एक दोर एवढं चमूत एकाकडे असलं की भागतं. कपड्यांत ट्वीडचा कोट आणि फिकट ब्रीचेस (स्वारीची तंग विजार) शोभतात, पण नीटनेटका कॉलरवाला शर्टही बहुतेक ठिकाणी चालतो.

गुळगुळीत डांबरी रस्ता सोडला की शेवटचे काही मैल खडीचे आणि अरुंद असतात. समोरून दुसरा ट्रेलर आला तर कुणीतरी एकाने मागे जायचं, त्यासाठी वीस मिनिटं हाताशी ठेवावीत. पार्किंगच्या कुरणात उताराला आडवी गाडी लावू नये, घोडा ट्रेलरमध्ये कलून उभा राहतो. सुटायच्या वेळेच्या दीड तास आधी पोचलं तर नाव नोंदवणं, जबाबदारीच्या कागदावर सही, नंबराची पाटी हे सगळं शांतपणे होतं. धान्याचा खुराक निदान तीन तास आधी संपलेला असावा, पण पोट अगदी रिकामंही नको. अर्धा तास आधी थोडं गवत दिलं की पळताना पोटातलं आम्ल वर उसळत नाही.

चमू तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने सोडतात. पहिला अर्धा मैल वॉक आणि हलका ट्रॉट करावा, मग थांबून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळावा. घोडा ट्रेलरमधून उतरल्यावर पोट फुगवून असतो आणि दहा मिनिटांत तंग दोन भोकं सैल होतो. खोगीर घसरून होणारे बरेचसे अपघात इथेच टाळता आले असते, असं कुठलाही तबेलेवाला सांगेल. समोरचा चमू दिसला की घोडा त्याच्यामागे लागतो. तेव्हा शर्यत लावण्यापेक्षा एखाद्या झाडाआड दोन मिनिटं गोल फिरवून अंतर वाढू द्यावं.

खुणा म्हणजे झाडांना बांधलेल्या फिती आणि कागदी ताटल्यांवर काढलेले बाण. उड्यांना झेंड्या असतील तर लाल उजव्या हाताला आणि पांढरी डाव्या हाताला ठेवायची. पाच मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर वाट चुकली असं समजून शेवटच्या खुणेपाशी परत यावं. शेतातून आडवं घुसणं हा इथे सर्वांत मोठा गुन्हा आहे. ही सगळी खासगी जमीन, आणि परवानगी त्या एका दिवसापुरती. पेरलेल्या शेतात कडेकडेने, एकामागे एक जायचं.

इथली माती तांबडी आणि चिकण. रात्री पाऊस पडला असेल तर वरचा दोन इंचांचा थर साबणासारखा होतो आणि खाली घट्ट जमीन असते. अशा वेळी कॅन्टर फक्त चढावर, वळणावर ट्रॉट आणि उतारावर वॉक. कुरणात ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याची बिळं असतात, घोड्याचा पाय पुरता आत जाईल एवढी. पुढच्याने बीळ पाहिलं की ‘वेअर होल’ अशी हाळी द्यायची आणि हाताने जागा दाखवायची. मागचेही तीच हाळी पुढे देतात.

गांधीलमाश्या जमिनीत किंवा कुजक्या ओंडक्यात राहतात. पहिला घोडा पोळं डिवचून निघून जातो आणि चावा तिसऱ्याला बसतो. मागचा घोडा अचानक उसळायला लागला तर त्याला आवरत बसू नये, सगळ्यांनी मिळून शंभर पावलं पुढे पळायचं आणि वाटेच्या मध्यावरच्या तपासणी-नाक्यावर ती जागा सांगायची. गांधीलमाशीच्या डंखाची अॅलर्जी असणाऱ्याने इंजेक्शन खिशात ठेवूनच यावं.

ओढ्याशी बुजरा घोडा एक तर खिळून उभा राहतो नाही तर एकदम उडी घेतो. धीराचा घोडा आधी घालावा, दुसरा त्याच्या शेपटीला लागून. मागच्याने टाच खाली, नजर पलीकडच्या काठावर, आणि मूठभर आयाळ धरून ठेवावी, म्हणजे उडी घेतलीच तर हातातून तोंडाला हिसका बसत नाही. पाणी पिऊ द्यावं, पण घोडा पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला की ताबडतोब हाकायचं. तो लोळायच्या बेतात असतो, खोगीर आणि स्वार दोन्हींसकट.

उड्यांपैकी इथली खास म्हणजे कूप: तारेच्या कुंपणावर उलट्या व्ही आकारात बसवलेल्या फळ्या, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या दिसतात म्हणून हे नाव. उंची साधारण पाऊण ते एक मीटर. उतरत्या बाजूमुळे घोड्याला ती नीट दिसते, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या सरळ कुंपणापेक्षा सोपी. खरी अडचण समोरच्या जमिनीची असते. तीस घोडे उडाले की मधोमध खड्डा पडतो आणि घोड्याला फूटभर खालून उडावं लागतं. मधली जागा सोडून दोन-तीन फूट बाजूने घ्यावी. पुढचा घोडा पलीकडे उतरून चार ढांगा गेल्याशिवाय मागच्याने निघू नये. घोडा अडला तर बाजूला होऊन इतरांना जाऊ द्यावं. दोनदा अडला तर शेजारच्या फाटकाने जावं. उडी ऐच्छिक असते.

फाटक ज्या स्थितीत मिळालं त्याच स्थितीत ठेवायचं. लावणारा स्वार पुन्हा घोड्यावर नीट बसेपर्यंत कुणीही पुढे हलायचं नाही, नाहीतर त्याचा घोडा एकच पाय रिकिबीत असलेल्या माणसाला घेऊनच निघतो. मागून वेगवान चमू आला तर रुंद जागा बघून थांबावं, आणि ओलांडणाऱ्यांनी आधी विचारून वॉकनेच जावं.

मध्यावर तपासणी-नाका असतो आणि तिथे ठरावीक मिनिटं थांबावंच लागतं. ही मिनिटं एकूण वेळेत धरतात की नाही ते सुटण्याआधी विचारून ठेवावं. उतरून तंग एक भोक सैल करावा आणि नाल तपासावेत. नाकपुड्या अजून फडफडत असतील, बरगड्या जोरात हलत असतील तर उरलेली वाट वॉकवर काढावी. वेळ शेवटचा घोडा रेषा ओलांडतो तेव्हा धरतात, त्यामुळे शेवटच्या कुरणात एकट्याने भरधाव सुटून काही मिळत नाही.

परतल्यावर खोगीर काढून अंगावर थंड पाणी ओतायचं, फार निथळायची वाट न बघता पुन्हा ओतायचं. गरम स्नायूंवर थंड पाणी घातल्याने ते आखडतात ही जुनी समजूत चुकीची ठरली आहे. घरून चाळीस लिटर पाणी न्यावं, अनोळखी पाण्याला बरेच घोडे तोंड लावत नाहीत. अर्ध्या तासात नाडी मिनिटाला 64 च्या खाली यायला हवी. नाही आली किंवा घोडा चालायलाच तयार नसेल, मागचे पाय ताठ असतील, तर ट्रेलरमध्ये न चढवता पशुवैद्याला बोलवावं.

निकाल जेवणाच्या तंबूत वाचतात. सहाव्या किंवा आठव्या क्रमांकापर्यंत फिती मिळतात आणि अमेरिकेत पहिल्याची फीत निळी, दुसऱ्याची लाल. आदर्श वेळेपासून चाळीस सेकंद दूर राहूनही फीत हुकू शकते. निकाल लागेपर्यंत गोचिडांसाठी घोड्याचे कान, शेपटीचं मूळ आणि आपले गुडघ्यामागचे भाग बघून घ्यावेत, इथे गोचिडांतून पसरणारा लाइम रोग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवायचा. एखादा पाय इतर तिन्हींपेक्षा गरम लागला तर त्या दिवशी स्वारी नाही, फक्त वीस मिनिटं हाताने धरून फिरवणं.